मुख्याध्यापक तुरुंगात असताना

अंबाजोगाई तालुक्यातील एखाद्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक दिवसभराचे वर्ग आटोपून घरी येतो, हातपाय धुऊन चहाचा पेला हाती घेतो, तोच भ्रमणध्वनी वाजतो. केंद्राच्या गटावर एक तक्ता आलेला असतो आणि तो 'आजच, अतितातडीने' भरून पाठवावयाचा असतो. ही माहिती कशासाठी हवी, मागच्याच महिन्यात दिलेल्या माहितीहून ती वेगळी कशी, शंका आल्यास कोणास विचारावयाचे, यांपैकी कशाचाही उल्लेख त्यात नसतो. तालुक्याच्या कार्यालयातील ज्या कारकुनाने तो तक्ता पुढे पाठविला, त्यालाही या प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसतात. त्याला तो जिल्ह्याहून आलेला असतो आणि जिल्ह्याला आणखी वरून. याच गावात दुसऱ्या एखाद्या घरी, २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीत पुण्याहून परतलेला आणि तेव्हापासून घरूनच नोकरी करणारा तरुण संगणकापुढे बसलेला असतो. त्याचा वरिष्ठ हिंजवडीत, जोडीचा सहकारी बंगळुरूत, ग्राहक सातासमुद्रापलीकडे. शिक्षकाचे आणि त्याचे काम निराळे, वेतन निराळे. गाऱ्हाणे मात्र एकच. काय करावयाचे ते कळते, का करावयाचे ते कळत नाही.

दुरून माणसे चालविणे ही अलीकडच्या काळाने निर्माण केलेली अडचण आहे असे मानण्याचा प्रघात पडला आहे. वरिष्ठांना तो सोयीचाही आहे, कारण काम बिघडले की अंतराकडे बोट दाखविता येते. वस्तुतः राज्यकारभार, लष्कर, व्यापार आणि लोकचळवळी या सर्वांचा इतिहास म्हणजे नजरेआड असलेल्या माणसांकडून काम करवून घेण्याचाच इतिहास आहे. त्याचे एक ठळक उदाहरण खुद्द अंबाजोगाईने पाहिले आहे. ते या गावातील एका शाळेपासून सुरू होते.

१९३५ साली हे गाव मोमिनाबाद या नावाने ओळखले जात होते. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा या आडवळणी खेड्यात राष्ट्रीय शाळा चालविणारे स्वामी रामानंद तीर्थ, बाबासाहेब परांजपे आदी सहकाऱ्यांसह त्या वर्षी येथे आले आणि योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले. संन्यासदीक्षा घेण्यापूर्वी त्यांचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर होते. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, कानडी मुलुखातील सिंदगी येथे झालेला. मोमिनाबादेत त्यांचा मुक्काम तीन वर्षांचा. १९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडली आणि हैदराबाद संस्थानाच्या राजकारणात सर्वस्वी उडी घेतली.

तीन वर्षांचा काळ तसा थोडा आहे. परंतु त्या काळाचे मोल समजून घ्यावयाचे तर निजामी राजवटीची आपल्या प्रजेशी बोलण्याची रीत कशी होती, हे आधी पाहिले पाहिजे. संस्थानात सोळा जिल्हे होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. कारभाराची भाषा मात्र उर्दू. बहुसंख्य प्रजेला सरकारी कागद वाचता येत नसे, तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागे. परिपत्रकाला तेथे 'गश्ती' म्हणत. मराठवाड्यातील जुन्या पिढीला 'गश्ती निशान त्रेपन्न' हे शब्द पक्के ठाऊक होते. १९२९ च्या या गश्तीने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा घेण्यावर बंधन घातले होते. राज्यकर्ता फर्मान काढतो आणि प्रजा ते ऐकते, यापलीकडे संवादाची कल्पनाच त्या व्यवस्थेला नव्हती. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, संस्कृतातील वेदान्त लोकांना समजावा म्हणून तो मराठीत सांगणाऱ्या 'विवेकसिंधु'चा वारसा जे गाव सांगते, त्या गावावर परक्या भाषेतील गश्तींनी राज्य करावे, हा इतिहासातील एक विरोधाभासच म्हटला पाहिजे.

अशा वातावरणात शाळा हीच एक जागा अशी होती, की जेथे प्रश्न विचारता येत होता आणि विचारणाऱ्याला उत्तर देणे हे वडीलधाऱ्याचे कर्तव्य समजले जात होते. मुख्याध्यापकाला आज्ञा देऊन भागत नाही. त्याला गणित सोडवूनच दाखवावे लागते. वर्गात चाळीस मुले असतील तर शेवटच्या बाकावरील मुलाला ते उमगले की नाही, हेही पाहावे लागते. स्वामीजी पुढे ज्या संघटनेचे नेते झाले, त्या संघटनेत शिक्षक, वकील आणि विद्यार्थी यांचा भरणा होता. त्यांचे ज्येष्ठ सहकारी गोविंदभाई श्रॉफ हेही मूळचे गणिताचे शिक्षक. या गोष्टीकडे चरित्रकार सहसा ओझरते पाहतात. तथापि पुढे जे घडले त्याचा उलगडा होण्यास ती फार उपयोगी आहे.

हैदराबाद स्टेट काँग्रेसची उभारणी चालू असतानाच, ७ सप्टेंबर १९३८ रोजी तिच्यावर बंदी घालण्यात आली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला. गोविंदराव नानल आणि सहकारी पकडले गेले, मागोमाग स्वामीजीही तुरुंगात गेले. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदुमहासभा यांचेही सत्याग्रह चालू होते. स्टेट काँग्रेसच्या लढ्याला जातीय रंग चढेल या शंकेने महात्मा गांधींनी तो स्थगित करण्याचा सल्ला दिला, आणि दोन महिन्यांतच, २४ डिसेंबरला, सत्याग्रह थांबला. हा सल्ला राजकीयदृष्ट्या योग्य होता की नव्हता, हा वाद येथे उकरून काढण्याचे कारण नाही. पण तुरुंगात असलेल्या आणि तुरुंगाच्या वाटेवर असलेल्या तरुणांना तो कसा वाटला असेल याची कल्पना करता येते. निर्णय दूर झाला होता, त्यामागील विचार दूर झाला होता, आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या हाती पडला तो केवळ 'थांबा' हा शब्द. अनेकांना तो रुचला नाही. स्थगितीचे कारण पटविण्यात मग कितीतरी काळ गेला. दूर असलेल्या माणसांच्या हाती निर्णय आधी आणि कारण मागाहून पडले म्हणजे काय होते, याचा हा धडा संघटनेने पहिल्याच परीक्षेत घेतला.

दुसरी परीक्षा नऊ वर्षांनी आली आणि ती कितीतरी अधिक कठीण होती. बंदी १९४६ मध्ये उठली होती. जून १९४७ मध्ये हैदराबादेतील मुशीराबाद येथे स्वामीजींच्या अध्यक्षतेखाली उघड अधिवेशन भरले आणि संस्थानाने भारतीय संघराज्यात सामील झाले पाहिजे, अशी निःसंदिग्ध मागणी करण्यात आली. ७ ऑगस्ट हा दिवस त्याच मागणीसाठी पाळला गेला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, उर्वरित देश स्वातंत्र्याचा उत्सव करीत असताना, स्वामीजींना अटक झाली. २९ नोव्हेंबरला भारत सरकार आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यांची सुटका झाली. आणि २६ जानेवारी १९४८ रोजी त्यांना पुन्हा पकडण्यात आले. त्यानंतर ते बाहेर आले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाची राजवट कोसळली तेव्हाच. म्हणजे लढ्याच्या निर्णायक तेरा महिन्यांपैकी सुमारे अकरा महिने नेता गजाआड होता.

आणि अनुयायी कोठे होते? संस्थानाच्या सरहद्दीबाहेर, भारतीय हद्दीत पसरलेल्या छावण्यांतून. सोलापूर, बार्शी, मनमाड, उमरखेड, चांदा, गदग, विजयवाडा ही त्यांतील काही ठिकाणे. नकाशावर ती जोडली तर निम्म्या दख्खनला वेढा पडतो. तिन्ही भाषांचे लोक त्यांत होते. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समिती होती आणि गोविंदभाई तिच्या अग्रभागी होते. परंतु उमरखेडच्या छावणीने उद्या रात्री काय करावे, हे समितीने रोजच्या रोज ठरविणे अशक्य होते. संस्थानाला स्वतःचे टपाल होते, स्वतःची रेल्वे होती. दोन्ही शत्रूच्या हाती. सरहद्दीच्या आतील गावांशी संबंध राहत असे तो माणसाच्या पायांनी. निरोप पोचावयास दिवस लागत आणि तोपर्यंत परिस्थिती पालटलेली असे. करोडगिरीचे नाके उठविणे, शिंदीची झाडे तोडून सरकारचे उत्पन्न बुडविणे, रझाकारांच्या उपद्रवाने पळून आलेल्या कुटुंबांना आश्रय देणे, यांपैकी केव्हा काय करावयाचे याचा निर्णय जागेवरच्या माणसालाच घ्यावा लागे. उमरखेडला शंकरराव चव्हाण होते, चांद्याला पी. व्ही. नरसिंह राव होते. दोघेही स्वामीजींना गुरुस्थानी मानणारे, दोघेही तिशीच्या आतले, एक मराठी आणि एक तेलुगू. पुढे १९९१ मध्ये त्यांतील एक देशाचा पंतप्रधान झाला आणि दुसरा त्याच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री.

नेत्याशी संपर्क तुटलेली, तीन भाषा बोलणारी, शेकडो मैलांत विखुरलेली ही माणसे वर्षभर एका दिशेने चालत राहिली, यात चमत्कार काही नाही. कोणत्या गोष्टीसाठी लढावयाचे हे त्यांना आधीच कळलेले होते, आणि ते कळले होते फर्मानाने नव्हे, तर परिषदांमधील वादविवादाने. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले तेव्हापासून ठराव मांडणे, त्यावर दुरुस्त्या सुचविणे, रात्र रात्र वाद घालणे हे चालूच होते. अशा वादातून बाहेर पडलेल्या ठरावाचा अर्थ छावणीतल्या माणसाला नव्याने विचारावा लागत नाही. ठराव करण्यात त्याचा वाटा असतो. स्वामीजी गजाआड जाताना मागे ठेवून गेले ते हे सामाईक आकलन. सर्व काही सुरळीत होते असा मात्र याचा अर्थ नव्हे. छावण्यांच्या कार्यपद्धतीत फरक होते, साधनांविषयी मतभेद होते आणि मुक्तीनंतर स्टेट काँग्रेसमधील गटांची जी भांडणे चव्हाट्यावर आली ती काही एका दिवसात जन्मलेली नव्हती. नेता दूर असताना उद्दिष्टाविषयी एकवाक्यता टिकली. परस्परांविषयीचा विश्वास सगळीकडे टिकला नाही. ही बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर इतिहासाचे स्तोत्र होते.

दूर असलेल्या माणसाला कारण सांगावे हा विचार मराठी माणसाला अपरिचित असण्याचे काहीच कारण नाही. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणजवळ तळ देऊन असलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. रयतेला त्रास देऊ नका, एवढे एक वाक्य लिहून ते पूर्ण करता आले असते. तसे केलेले नाही. पावसाळ्याची बेगमी म्हणून ठेवलेला दाणा आणि वैरण आताच मन मानेल तशी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्याचे दाणे आणतील, कोणी भाकर, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला, आणि अखेर रयतेला वाटेल की यांच्यापेक्षा मोगल बरे, अशी कार्यकारणाची साखळी त्यात कडीकडीने उलगडली आहे. इतकेच नव्हे, तर वैरणीजवळ चुली पेटवू नयेत, रात्री दिवा जळत ठेवू नये, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि आग लागेल, येथपर्यंत बारकावा आहे. राजाने उंदराचा विचार करावा! परंतु तेथेच त्या पत्राचे सामर्थ्य आहे. ज्याला हे पत्र मिळाले, त्याला पत्रात न लिहिलेला प्रसंग उद्भवला तरी काय करावे ते कळले असते.

याच्या अगदी उलट उदाहरण युरोपच्या इतिहासात आहे. क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकडीवर उभा होता. शत्रू आपल्या हातून गेलेल्या तोफा ओढून नेत आहे हे त्याला तेथून स्वच्छ दिसत होते. त्या नेऊ देऊ नका, असा घाईने लिहिलेला हुकूम त्याने खाली घोडदळाकडे धाडला. दरीत असलेल्या लॉर्ड लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्याने विचारले तेव्हा हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलनने हात नुसता पुढे केला म्हणतात. सुमारे ६७० स्वार दरीच्या टोकाशी असलेल्या दुसऱ्याच तोफांवर चालून गेले. शंभराहून अधिक मेले, नोलनही त्यांत होता. इंग्रज कवींनी त्या शौर्याचे गुणगान केले ते ठीकच. पण टेकडीवरून जे दिसते ते दरीतूनही दिसत असणार असे गृहीत धरणारा अधिकारी त्या दिवसापुरताच होता, असे म्हणता येत नाही. मुंबईच्या मंत्रालयातून जे दिसते ते तांड्यावरच्या शाळेतून दिसत नाही. तांड्यावरून जे दिसते, म्हणजे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली आणि पटावर नावापुरती उरलेली मुले, ती मंत्रालयाला तक्त्यातील एका रकान्यातच दिसतात, आणि तो रकाना तरी कोणी वाचतो की काय, याची भरणाऱ्याला शंका असते.

या सगळ्याला कागदोपत्री कंटाळ्यापलीकडे महत्त्व नाही, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी वैद्यकाचे क्षेत्र पाहावे. ग्रामीण भागासाठी म्हणून अंबाजोगाईत उभे राहिलेले वैद्यकीय महाविद्यालय आज स्वामीजींचेच नाव मिरविते. अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात आसपासच्या उपकेंद्रांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून रुग्ण पाठविले जातात तेव्हा बरोबर एक चिठ्ठी असते. बाळंतिणीला रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, रक्तदाब किती होता, कोणते इंजेक्शन दिले, हे त्या चिठ्ठीत असेल तर स्वीकारणारा डॉक्टर पहिल्या मिनिटापासून कामाला लागतो. 'पुढील उपचारार्थ रवाना' एवढेच असेल तर त्याला सारे पहिल्यापासून शोधावे लागते, आणि ती मिनिटे रुग्णाच्या आयुष्यातून वजा होतात. उलट, मोठ्या रुग्णालयाने रुग्णाचे पुढे काय झाले हे उपकेंद्रातील परिचारिकेला कळविले, तर पुढच्या वेळी तिची चिठ्ठी अधिक अचूक उतरते. सहसा ते कळविले जात नाही. दूरच्या सहकाऱ्याकडून माहिती घ्यावयाची, तिचा उपयोग काय झाला हे मात्र त्याला सांगावयाचे नाही, ही रीत सर्वच खात्यांत मुरलेली आहे.

दासोपंतांनी अंबाजोगाईतच सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर आपली पासोडी लिहिली, ती पंचीकरणासारखा अवघड विषय विशद व्हावा म्हणून. आजची परिपत्रकेही लांबीत त्या पासोडीशी स्पर्धा करू पाहतात. संदर्भ क्रमांक एक ते अकरा, 'उपरोक्त विषयान्वये', 'कळविण्यात येते की', आणि शेवटी कारवाईचा इशारा. विषय विशद झाला की नाही हा प्रश्न त्यांच्या कर्त्यांना पडत नाही. त्यांच्या लेखी परिपत्रक निघाले की जबाबदारी खालच्या माणसावर सरकते. पुढे काही चुकले तर 'आपणांस कळविण्यात आले होते' हे वाक्य हाताशी असते. सहकाऱ्याने काम नीट करावे म्हणून लिहिलेला कागद आणि आपण सुटावे म्हणून लिहिलेला कागद यांतील फरक वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच समजतो. तो मग तशीच परतफेड करतो. तक्त्यातील सगळे रकाने भरलेले असतात, मात्र त्यांतील आकडे अनेकदा मागच्या वर्षीचे असतात.

सुधारणा करावयाची म्हटली तर ती फार खर्चाची नाही. माहिती मागताना ती कशासाठी मागितली हे दोन ओळींत लिहिता येते. 'आजच' या शब्दाऐवजी खरी तारीख घालता येते आणि खरोखर तातडी असेल तेव्हा ती का आहे हे सांगता येते. केंद्रप्रमुखाला महिन्यातून एकदा तांड्यावर जाऊन तास दोन तास बसता येते. फोनवर जे कोणी बोलत नाही ते समोरासमोर बोलले जाते, हा अनुभव घरून काम करणाऱ्या तरुणांच्या कंपन्यांनाही आला असून अनेकींनी आठवड्यातील काही दिवस कार्यालयात येणे पुन्हा आवश्यक केले आहे. तो उपाय अर्धवटच आहे. एका छपराखाली बसून न बोलणारी माणसे कचेऱ्यांतून काही थोडी नसतात.

या साऱ्यात एक साधी यांत्रिक गोष्ट विशेष बोलकी आहे. भ्रमणध्वनीवरील अशा गटांना एक कळ असते. ती दाबली की गटात केवळ प्रशासकालाच लिहिता येते, इतरांनी वाचावयाचे. अनेक खात्यांच्या गटांवर ती कायमची दाबून ठेवलेली आढळते. कारण असे सांगितले जाते की एरवी सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांनी गट भरून जातो. ते खोटेही नाही. परंतु तक्त्यातील सातवा रकाना चुकीचा आहे, तांड्यावर आज वीज नाही, ही मुले परवाच ऊसतोडीला गेली, हे ज्याला सांगावयाचे आहे त्यालाही तेथे तोंड उघडता येत नाही. तो अंगठ्याचे चिन्ह तेवढे दाबतो. वरच्या कार्यालयात त्याची गणना 'संदेश वाचला' अशी होते, आणि रात्री साडेआठला पुढचा तक्ता येतो.